लक्ष्मणाची तार

परशूला गिटार वाजवता येते का, असं कुणी विचारलं तर वाडीतली पाच घरं पाच उत्तरं देतील आणि त्यातलं एकही धड नसेल. खरं सांगायचं तर त्याला एकही गाणं येत नाही, सिनेमातलं नाही की भजनातलं नाही. पण एक गिटार त्यानं अशी लावली होती की तिच्या सहा तारांतून सात माणसं बोलायची. तीन वर्षं घातली त्यानं त्या नादात. आणि ती गिटार मनासारखी लागली, त्यानंतर आठ दिवसांत या शहाण्यानं आपल्या हातानं वाटोळं करून घेतलं. स्वतःच्या एकट्याचं केलं असतं तरी एक वेळ चाललं असतं.

परशू बेचाळीस वर्षांचा. बाजारकुणंगच्या पलीकडे ओढा ओलांडून चढ चढला की त्याची वाडी लागते. थोडं भात, थोडे कंद, चार सुपारीची झाडं. शेतात काम नसलं की तो जोयड्याला भिकाजीच्या गॅरेजात कामाला जातो. सोमवारी जीपनं जायचं, तिथंच झोपायचं, शनिवारी परत यायचं. भिकाजी मूळचा रामनगरचा, तोंडानं फटकळ, पण माणूस पोटातून बरा.

वाडीत बारा घरं होती. जंगल सोडण्यासाठी जंगलखात्यानं दिलेलं पॅकेज घेऊन सात घरं उठली आणि रामनगरच्या बाजूला राहायला गेली. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. दवाखाना लांब, शाळा लांब आणि अस्वलं तेवढी जवळ. सगळ्यांत शेवटी लक्ष्मण गेला. लक्ष्मण आणि परशू एकाच वर्षी जन्मलेले, ओढ्याच्या दोन काठांना गुरं राखत, एकमेकांना हाका घालत वाढलेले. लक्ष्मणाच्या हाकेला एक खोड होती. ती खालच्या आवाजात निघायची, मध्येच जराशी फाटायची आणि मग सरकत सरकत वर जायची. त्याचं सामान टेम्पोत चढत होतं त्या सकाळी परशू त्याला भेटायला गेला नाही. रानात जाऊन उगाच काट्या तोडत बसला. डोळ्यांत पाणी आलेलं कुणी बघू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

आता शिगम्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडीचा शिगमो, म्हणजे होळीचा सण, मांडावर सुरू होतो. मांड म्हणजे देवळासमोरची शेणानं सारवलेली जागा. तिथं पायात वहाण चालत नाही. पहिल्या दिवशी, ऊन कललं की, वाडीचा मानकरी मांडावर उभा राहून नावं घेतो. त्याला बुधवंत म्हणतात. घरटी एका गाणाऱ्याचं नाव. ज्याचं नाव येईल त्यानं आपल्या तोंडानं, आपल्या पट्टीत, लांब सुरात 'हायऽऽ' म्हणून जबाब द्यायचा. पुढं मेलेल्यांचीही नावं घेतात. त्यांना तोंड नाही, म्हणून त्यांचा जबाब घुमट देतो, एका नावाला एक थाप. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य. तो गळ्यात अडकवायचा मान परशूच्या घराचा, बापामागून त्याच्याकडे आलेला. एकदा नावाला थाप पडली की ते नाव परत जिवंतांत घेत नाहीत. आणि नावं घ्यायला एकदा सुरुवात झाली की शेवटच्या नावापर्यंत कुणालाही मध्ये थांबता येत नाही, बुधवंतालासुद्धा नाही.

सात घरं गेल्यावर पहिला शिगमो आला. बुधवंत महाबळेश्वर, वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं उरलेल्या पाचांची नावं घेतली, पाचांनी जबाब दिला. मग त्यानं गेलेल्या सातांचीही घेतली. प्रत्येक नावामागून तो गप्प उभा राहिला. तंबाखूची चिमूट मळून होईल इतका वेळ. कुणी बोललं नाही. मग दुसरं नाव, पुन्हा तेवढंच थांबणं. असं सात वेळा झालं. मांडावर बायका खाली माना घालून बसल्या होत्या, मागं देवळाच्या पत्र्यावर पाला घासल्याचा आवाज येत होता. परशूच्या गळ्यात घुमट होता आणि हात शिवशिवत होता. थाप द्यायची नाही, माणसं जिवंत आहेत. जबाबही नाही, माणसं इथं नाहीत. लक्ष्मणाच्या नावामागची ती शांतता त्याच्या छातीवर बसली. घरी आल्यावर तो सुमंगलेला, म्हणजे बायकोला, म्हणाला की पुढल्या वर्षी मला हे सोसवणार नाही. ती म्हणाली, फोन करा, बोलवा. त्यानं फोन केला. लक्ष्मण 'बगतो' म्हणाला. दुसऱ्या वर्षीही केला, तेव्हाही तो 'बगतो'च म्हणाला. तो तिकडं फॅक्टरीत लागला होता, सुट्टी मिळत नव्हती, आणि ते खोटं नव्हतं.

गिटार आली ती एका पडलेल्या मोटारसायकलबरोबर. गणेशगुडीच्या वळणावर शहरातली पोरं घसरली होती. त्यांनी गाडी गॅरेजात आणली, तिच्या मागं बांधलेल्या गिटारची मान मोडली होती. चौथ्या दिवशी गाडी घेऊन गेली, गिटार भंगारात टाका म्हणाली. भिकाजीनं ती टायरांच्या ढिगावर भिरकावली. पडताना तिच्या तारा एकदम वाजल्या आणि परशू हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला. सगळ्या तारांचा मिळून तो एक आवाज, त्याला तो माणसांच्या घोळक्याचा वाटला.

त्यानं मान दोन नळ्यांतला गोंद लावून चिकटवली, वरून तांब्याची तार करकचून गुंडाळली. भिकाजीनं मोबाईलवर ते सूर लावायचं ॲप उतरवून दिलं. ॲप म्हणेल तशी एकेक खुंटी पिळत गेलं की काटा हिरव्यात यायचा, पण चौथ्या-पाचव्या तारेला मान कर्र करून वाकायची. सरळ लावणं त्या गिटारच्या नशिबीच नव्हतं. मग परशूनं तारा उतरवल्या. उतरवल्यावर त्या ढिल्या पडून मानेवरच्या पडद्यांवर आपटायला लागल्या. त्यानं सायकलच्या स्पोकचा तुकडा कापून वरच्या टोकाला तारांखाली सरकवला, तारा उचलल्या गेल्या. आता पडद्यांवर बोट दाबून उपयोग नव्हता. म्हणून गिटार मांडीवर आडवी ठेवून तो तारेवरून पिस्टनची पिन फिरवायला लागला. ती गुळगुळीत लोखंडी पिन पुढं सरकेल तसा आवाज सरकायचा, मध्ये कुठं पायरी लागायची नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की माणसाचा आवाज असाच चालतो.

तिथून खूळ लागलं. सात माणसं गेलेली, तारा सहा. एकेक तार एकेकाच्या जबाबाला लावायची असं त्यानं ठरवलं. सातव्याची पंचाईत होती, पण विठ्ठल आणि त्याचा धाकटा भाऊ यांचे आवाज इतके जवळचे की एकाच तारेवर भागलं. मोकळी तार विठ्ठल, दोन बोटं पुढं पिन ठेवली की धाकटा. भिकाजी हसून विचारायचा, "आरं, गिटार लावतोस का कार्बुरेटर?" परशू ऐकायचा नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मांडी घालून बसायचा. एका तारेखाली सुताचा धागा घातला की ती घोगरी व्हायची. दुसऱ्या तारेखाली जुन्या ट्यूबचं रबर सरकवलं की आवाज नाकातून आल्यासारखा व्हायचा. तो गेलेल्यांतल्या एका म्हाताऱ्याचा नेमका साधला. एकाच्या तारेला महिना लागला, दुसऱ्याच्या तारेला अख्खा उन्हाळा. पावसाळ्यात लाकूड फुगून सगळं बिघडायचं, दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

लक्ष्मणाची तार तर मुळात नव्हतीच, पडताना तुटली होती. परशूनं क्लचच्या वायरीतला एक पेड सोडवून तो चढवला. त्याचा आवाज कोरडा. तीन वर्षं तो आवाज परशूला हुलकावणी देत राहिला. खाली निघायचा, पण मध्ये फाटायचा नाही. फाटला तर वर जायचा नाही. आवाज कुठं रेकॉर्ड केलेला नव्हता, होता तो फक्त परशूच्या कानात, आणि तोही दर वर्षी थोडा झिजत चाललेला. याचीच त्याला जास्त भीती होती. कधी कधी तो शनिवारी घरी येताना ओढ्याच्या काठाला थांबायचा, पलीकडे बघायचा, आणि लक्ष्मण कसा हाक मारायचा ते आठवायला बघायचा. नाही आठवलं की रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही.

यंदा नाही, गेल्या वर्षी, शिगम्याच्या आठ दिवस आधी ते जमलं. घोडीपाशी, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात त्या पट्टीपाशी, केळीच्या सोपाचा वाळका तंतू तारेखाली बसवला आणि पिन तिरकी धरून ओढली. परशू ओसरीवर बसला होता. आत सुमंगला भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं ती बाहेर आली, अंगणाकडे बघून म्हणाली, "कोन आलंय? पाणी आणू काय?"

परशूला हसू फुटलं, मग रडू. त्यानं पुन्हा वाजवून दाखवलं. सुमंगला हसली नाही. तिनं पदराला हात पुसले आणि विचारलं की हे मांडावर नेणार काय. त्यानं हो म्हटलं. ती म्हणाली की आधी महाबळेश्वर म्हाताऱ्याला विचारा, मांडावरचं सगळं त्याला विचारून होतं. परशूनं तिला समजावलं: थाप कातड्याची असते, ती मेलेल्यांची. ही तार आहे, हिला माणसाचा आवाज आहे, म्हणजे हा तोंडाचाच जबाब धरायचा. सुमंगला पुन्हा भाकरीकडे वळली. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं नाही. म्हातारा नको म्हणाला तर तीन वर्षं मातीत जातील, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्या वर्षी त्यानं लक्ष्मणाला फोनही केला नाही. तशी गरजच वाटली नाही त्याला. माणसाला असं खूळ लागलं की त्याला माणसाची आठवण पुरते, माणूस लागत नाही.

शिगम्याच्या दिवशी घुमट गळ्यात आणि गिटार धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर, असा परशू मांडाच्या कडेला बसला. महाबळेश्वराला दिसत नव्हतं. त्यानं पाच जिवंत नावं घेतली, पाच जबाब आले. मग त्यानं विठ्ठलाचं नाव घेतलं आणि थांबला. परशूनं धोतर बाजूला सारून मोकळी तार छेडली.

बायकांनी माना वर केल्या. कुणीतरी तोंडावर हात ठेवला. महाबळेश्वराची मान आवाजाच्या दिशेला वळली, त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. परशूला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. खरंच भरून आलं होतं, पण ते कशानं, हे परशूला कळलं नाही. नावं मध्ये थांबवता येत नाहीत. म्हाताऱ्यानं दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. दर नावाला त्याचा आवाज खाली जात होता आणि दर नावाला तार न चुकता जबाब देत होती. परशू घामानं भिजला होता, आणि खोटं कशाला सांगा, तो सुखात होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मांडावर ती शांतता नव्हती.

सातांत शेवटी लक्ष्मणाचं नाव राहिलं. म्हातारा नाव घ्यायच्या आधीच थांबला. ओढ्याच्या वाटेकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. नाव सोडता आलं असतं तर त्यानं सोडलं असतं. मग त्यानं नाव घेतलं, वरल्या घरचा लक्ष्मण, आणि परशूनं पिन तिरकी धरून तार ओढली.

त्याच घटकेला खाली चढावरून एक आवाज निघाला होता. तोही खाली सुरू झाला आणि मध्ये फाटला. वर मात्र गेला नाही, तिथंच थांबला. तार तेवढी पुढं जात राहिली आणि शेवटपर्यंत गेली.

चढ चढून लक्ष्मण आला. पायांवर धावल्याची धूळ, काखेत पिशवी, डोक्याला अर्धवट गुंडाळलेलं, मांडावर गाताना बांधतात ते पागोटं. मांडाच्या कडेला तो वहाणा काढायला वाकला आणि तसाच राहिला. परशूच्या मांडीवरची गिटार त्याला दिसली.  परशू उठायला गेला तर घुमट गिटारवर आपटला आणि सगळ्या तारा एकदम वाजल्या.

मेलेल्यांची नावं आणि त्यांच्या थापा आटोपल्यावर परशूनं म्हाताऱ्याचे पाय धरले. पुन्हा एकदा नाव घ्या म्हणाला, माणूस समोर उभा आहे. महाबळेश्वर खाली बसला. ओरडला नाही. त्याला ओरडण्याइतकी ताकदही नव्हती.

"तोंडानं दिला न्हाई तो जबाब मेलेल्याचा," तो म्हणाला. "कातडं असू दे न्हाईतर तार. लक्ष्मणाचा अर्ध्यात ऱ्हायला, पुरा केला तो तारंनं. मी काय उगंच थांबत हुतो व्हय रं? वाटंवर कोन असंल त्येला वड्यापलीकडनं धावत यायला तेवढा येळ लागतोय. सात जनांची वाट मी उघडी ठेवली हुती. तू बंद केलीस."

 लक्ष्मणानं पागोटं सोडलं, घडी केली, पिशवीत ठेवलं. मांडावर पाय न ठेवता तो बाहेर, पाव्हणे बसतात तिथं जाऊन बसला. परशू त्याच्याजवळ जाऊन बसला. लक्ष्मणच बोलला.

"यंदा तुजा फोन न्हाई आला. म्हटलं आजारी बिजारी हाईस काय, बगून यावं." मग गिटारकडे बघत, "माज्यागतच झालाय की रं आवाज."

त्यात राग नव्हता. राग असता तर परशूला सोसला असता. सुमंगलेनं जेवायला वाढलं, लक्ष्मण दोन घास खाऊन उठला आणि शेवटच्या जीपसाठी चढ उतरून गेला. त्या शिगम्याला पाच घरं गायली, पण गाण्यात जीव नव्हता. परशूनं घुमट वाजवला, कारण वाजवणं भाग होतं.

गिटार त्यानं गॅरेजात नेऊन टांगली. त्याला ती मोडायचीही हिंमत झाली नाही. पावसाळा आला, गोंद सुटला, मान हळूहळू पुढं वाकली. एकेक तार उतरत गेली. परशू कामाला गेला की दर वेळी एकदा लक्ष्मणाची तार छेडून बघायचा. गणपतीपर्यंत ती थोडीफार ओळखू यायची. दिवाळीला ती नुसती क्लचची वायर उरली. भिकाजी एरवी कशालाही हसणारा माणूस, त्यानंच आपल्या हातानं ती खाली काढून मागच्या खोलीत ठेवली.

लक्ष्मणाशी परशूचं फोनवर बोलणं होतं. चांगलं होतं. त्याच्या धाकट्या मुलीची दहावी, फॅक्टरीतली पाळी, गुडघ्याचं दुखणं. पूर्वी बोलणं संपताना परशू विचारायचा, शिगम्याला येतोस ना? आता ते विचारता येत नाही. दोघंही त्या जागी थोडे थांबतात आणि मग बरं ठेवतो म्हणतात.

यंदाच्या शिगम्याला महाबळेश्वराला दोघांनी धरून मांडावर आणलं. त्यानं पाच जिवंत नावं घेतली, पाच जबाब आले. मग तो मेलेल्यांच्या नावांकडे वळला. आजे, पणजे, परशूचा बाप. त्यांच्यामागून विठ्ठल, विठ्ठलाचा भाऊ, आणि बाकीचे चौघं. परशू एकेक थाप देत गेला. हात जड झाला होता, तरी चुकला नाही. आदल्याच दिवशी लक्ष्मण फोनवर त्याच्याशी अर्धा तास बोलला होता, थोरल्या मुलीच्या लग्नाचं बघतोय म्हणून सांगत होता.

वरल्या घरचा लक्ष्मण, म्हातारा म्हणाला. परशूनं ओढ्याच्या वाटेकडे बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. त्यानं घुमटावर थाप दिली, आणि म्हातारा थांबला नाही.